तुडतुड्याचे नाव



मजुरांची संघटना चालवणाऱ्या माणसाने या व्यासपीठावरून किड्यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही शाळा लवकर सोडली. कीटकशास्त्र कोणा गुरूपाशी शिकलो नाही. पण ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो तो आमचा सभासद आहे. पंपातले विष नेमके कोणासाठी, हे विचारू लागलो आणि किड्याची ओळख करून घेणे भाग पडले.

नगर जिल्हा म्हटला की आपल्याला ज्वारी, ऊस आणि दुष्काळ आठवतो. परंतु अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या बाजूला, पावसाळ्यात भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात. काही वर्षांपूर्वी, भात निसवण्याच्या सुमारास, तिकडच्या एका खाचरात मधोमध खळ्याएवढा गोल तुकडा करपला. मालकाने तो करपा रोग समजून औषध मारले. गुण आला नाही. मग दुकानदार म्हणाला, 'तुडतुडा असेल,' आणि दुसरा डबा दिला. मजूर शेंड्यांवरून फवारत गेला. संध्याकाळी त्याला मळमळ आणि चक्कर सुरू झाली. दवाखान्यात नेल्यावर तो बरा झाला. खाचरातला गोल मात्र वाढतच राहिला.

आम्ही खाचरात उतरलो आणि वाकून चूड बाजूला केला. पाण्याच्या वर चार बोटांवर, बुंध्याशी, तपकिरी किडे दाटीने बसले होते. फवारा वर आणि शत्रू खाली!

आता ओळख कशी पटवावी ते सांगतो. वरच्या पानांवर बसणारा हिरवा तुडतुडा वेगळा. भिंगाखाली त्याच्या मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या रांगा दिसतात. बुंध्याशी राहणाऱ्या कुळाची खूण निराळी: मागच्या पायाच्या नळीच्या टोकाशी एक मोठा, हलणारा काटा असतो. ही खूण दिसली की कूळ समजले. मग पाठ पाहावी. पंखांच्या मुळाजवळ मधोमध पांढरा पट्टा असेल तर तो पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. पट्टा नाही आणि सगळे अंग तपकिरी, तर तो तपकिरी तुडतुडा असण्याचा संभव मोठा. पक्का निकाल जाणकाराने भिंगाखाली द्यावा. स्वीडनचे कार्ल स्टाल यांनी १८५४ साली त्याचे वर्णन केले. आज त्याचे शास्त्रीय नाव नीलपर्वता ल्यूजेन्स असे आहे. परक्या शास्त्रातले हे नाव आपल्या कानाला किती ओळखीचे वाटते!

या किड्याच्या काही माद्यांचे पंख आखूड असतात. त्या जागीच राहून पुष्कळ अंडी घालतात. दाटी झाली, रस आटला, की लांब पंखांची पिढी निघते आणि दुसरीकडे उडून जाते. म्हणून आखूड पंखांचे किडे दिसताच सावध व्हावे.

त्याच बुंध्याशी एक लहान हिरवट ढेकूणही फिरतो. घाईत तोही तुडतुडाच वाटतो. पण तो तुडतुड्याची अंडी फस्त करतो. तेथले कोळीही आपलेच. ओळख न पटवता विष मारले तर हे राखणदार आधी मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त होतात. इंडोनेशियाने हा अनुभव घेतला आणि १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्या देशात १९७३-७४ साली केरळातल्या भाताची याच किड्याने मोठी हानी केली होती.

याच कुळातला दुसरा एक तुडतुडा जलपर्णीवर जगतो. नदीचा गळा आवळणारी ही वनस्पती तो शोषतो, म्हणून अर्जेंटिनातून नेऊन तो २०१० साली अमेरिकेत आणि २०१३ साली दक्षिण आफ्रिकेत मुद्दाम सोडला गेला. कूळ एकच, एकाला आपण मारतो, दुसऱ्याला माणसे पाळून सोडतात. तेव्हा नुसते कूळ कळून भागत नाही, नाव कळावे लागते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक निराळे, कीड निराळी. पण पंप तोच आणि पाठही तशीच. चुकीच्या नावाची किंमत कीड भरत नाही, दुकानदार भरत नाही. ती फवारणारा भरतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पंप उचलण्यापूर्वी वाकून बुंधा पाहा. दहा चुडांवरचे किडे मोजा. भिंग नसेल तर किडे बाटलीत घालून राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी सहायकाकडे न्या. युरिया बेताने घाला. लावणीत वारा खेळेल एवढे अंतर ठेवा. किडा दिसताच तीन-चार दिवस खाचरातले पाणी काढा. एवढे करूनही विष मारावेच लागले, तर मारणाऱ्याला हातमोजे आणि तोंडाला आवरण द्या, आणि फवारा बुंध्याशी जाऊ द्या.

मजुराने मालकाला 'हा किडा कोणता?' असे विचारणे हा उद्धटपणा नाही, तो त्याचा हक्क आहे. तो प्रश्न विचारायला आम्ही आमच्या सभासदांना शिकवतो आहोत. उत्तर देण्याची तयारी आपण ठेवावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.