नाना, मी आणि माणसांचे 'टाईप'

(रौप्यमहोत्सवी गणेशोत्सवात ब विंगच्या पार्किंगमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माझी ३१ वर्षं गेली. माणसं पारखायची हाच धंदा. त्यामुळे सांस्कृतिक समितीने मला विषय दिला, 'स्वभावाचे प्रकार ओळखा'. तो ऐकून माझी सौ. म्हणाली, "आधी आपला ओळखा, मग लोकांचा सांगा." आज मी तिचंच ऐकणार आहे.

माणसांचे प्रकार पाडायची हौस जुनी आहे. आपल्याकडे वात, पित्त, कफ आहेत. सत्त्व, रज, तम आहेत. ग्रीकांनी शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव सांगितले. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं एकामागून एक मांडली. ती वाचताना आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? शेजारी! स्वतःच्या नावापुढे खूण करणारा वाचक मला तरी अजून भेटलेला नाही.

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द आज शाळेतल्या मुलांनाही माहीत आहेत. ही विभागणी लोकांपर्यंत पोचवली स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांनी, १९२१ सालच्या पुस्तकातून. कुणाचं मन बाहेरच्या जगाकडे, माणसांकडे धावतं, तर कुणाचं आत वळतं. पण निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतो, हेही त्यांनीच बजावलं होतं. ते मात्र आपण विसरलो.

पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी युंग यांच्या विचारांवरून एक चाचणी बेतली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुणाला कोणतं काम जमेल हे कळावं, असा हेतू होता. तिच्यात माणसांचे १६ प्रकार पडतात. आमच्या मुलाच्या ऑफिसातही ती घेतली. चार इंग्रजी अक्षरं घेऊन तो घरी आला आणि दोन दिवस त्याच तोऱ्यात होता.

असे निकाल आपल्याला इतके पटतात का? १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. किती जुळतं, त्याला ५ पैकी गुण द्या म्हणाले. सरासरी ४ च्या वर आली. मग त्यांनी सांगितलं, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातला बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता! "तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून काळजी करता" असं म्हटलं, तर इथे बसलेल्यांपैकी कोण नाही म्हणेल?

म्हणून आजचे अभ्यासक कप्प्यांपेक्षा मोजपट्टीवर भर देतात. नव्याची ओढ, कामातला नेटकेपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता अशा त्या पाच पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर आपण कुठेतरी उभे असतो आणि बहुतेक जण मधल्या भागातच असतात. मधोमध रेघ मारून 'हा इकडचा, तो तिकडचा' केलं, की रेघेच्या जवळचा माणूस आज इकडे, महिन्याने तिकडे.

हे सगळं मला नोकरीत असतानाच ठाऊक होतं. आता, ठाऊक असून मी काय केलं ते सांगतो. काकू समोर बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतोय.

मी सेक्रेटरी होतो तेव्हाची गोष्ट. ब विंगमधले नाना सगळ्यांना आठवत असतील. वार्षिक सभेत शेवटच्या रांगेत बसायचे, तोंडातून शब्द नाही. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीत त्यांचं पत्र. सुवाच्य अक्षर, मुद्द्यांना क्रमांक. मी त्यांना टाईप लावून टाकला होता, 'तोंडावर बोलत नाहीत, मागून कागद पाठवतात. तक्रारखोर.' कमिटीत त्यांचं पत्र निघालं की आम्ही हसायचो. त्या हसण्याची सुरुवात बहुतेक वेळा माझीच असायची.

एका वर्षी आठ महिन्यांत त्यांची तीन पत्रं आली. विषय एकच : जिन्याच्या स्लॅबला खालून चीर गेली आहे, गंजाचे डाग दिसतात, आतली सळई फुगली असावी. मी तिन्हींवर 'नोंद घेतली' असा शेरा मारला आणि फायलीला लावली. जिना बघायलाही गेलो नाही.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, सकाळी घमेलंभर प्लास्टर खाली आलं. दहा मिनिटांपूर्वी त्याच जिन्याने शाळेची मुलं उतरली होती. कुणाला लागलं नाही, एका सायकलची सीट तेवढी फाटली. त्यातली काही मुलं आज इथे बसली आहेत, दाढी-मिशा घेऊन. त्यांच्याकडे बघितलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

संध्याकाळी मी नानांकडे गेलो. वाटलं होतं, 'मी सांगितलं होतं' असं ऐकावं लागणार. त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला. मी विचारलं, "नाना, तुम्ही सभेत उठून का नाही बोललात?" ते म्हणाले, "अहो, तुम्हाला बोलल्याशिवाय सुचत नाही आणि मला चारचौघांत बोलताना काही सुचत नाही. घरी कागद घेतला की सुचतं."

३१ वर्षांत मला जे उमगलं नव्हतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. नाना तक्रारखोर नव्हते. जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं, असं मानणारा मी होतो. म्हणजे 'तक्रारखोर' हा शब्द माझी माहिती देत होता, नानांची नव्हे.

ली रॉस नावाच्या अभ्यासकांनी १९७७ साली या चुकीला नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थिती बघतच नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थितीच आठवते. शेजाऱ्याचा मेंटेनन्स थकला तर तो बेफिकीर. माझा थकला तर बँकेत गर्दी होती!

तर, प्रकार वाचू नका असं मी म्हणत नाही. जरूर वाचा. माणसं आपल्यासारखी नसतात, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ झालं. फक्त आज घरी गेल्यावर एक करा. या इमारतीतल्या ज्या माणसाचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग येतो, त्याच्याबद्दल तुम्ही वापरता तो शब्द कागदावर लिहा. 'चेंगट', 'भोचक', 'शिष्ट', जो असेल तो. आणि विचारा, हा शब्द मलाच का सुचला? मला काय सहन होत नाही?

त्या जूननंतर आपण सभेच्या आधी आठ दिवस लेखी सूचना मागवायला लागलो आणि त्या सभेत वाचून दाखवायला लागलो. ती पद्धत अजून चालू आहे. पहिल्या वर्षी ११ सूचना आल्या, त्यातल्या चार नानांच्या. नाना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची ती तीन पत्रं मी फायलीतून काढून कमिटीकडे दिली आहेत. 'नोंद घेतली' हा माझा शेरा त्यांवर तसाच आहे. नव्या सेक्रेटरींना विनंती आहे, तो खोडू नका.