फडातल्या भगिनीचे रक्षण ही गावाची जबाबदारी

(बीड जिल्ह्यातील यात्रा कमिट्यांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



चैत्र लागला की आपल्या जिल्ह्यात गावोगावी यात्रांचे दिवस सुरू होतात. देवाची पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशाचा फड हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. तमाशाची सुपारी देताना आपण बिदागी ठरवतो, वेळ ठरवतो, वग कोणता हेही विचारतो. परंतु येणाऱ्या भगिनी कपडे कोठे बदलतील, रात्री कोठे निजतील आणि कोणी हात धरला तर दाद कोणाकडे मागतील, हे मात्र ठरत नाही. हे तीन प्रश्न सुपारीच्या बैठकीतच सुटले पाहिजेत, एवढेच मला आज मांडायचे आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. वग चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, पण 2002 साली त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत. 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. ते योग्यच आहे. तथापि त्या प्रसंगातील त्यांच्या धैर्याचे कौतुक करताना, एका प्रसूत स्त्रीला बोर्डावर यावे लागले ही लाज कोणाची, हा प्रश्न आपण विचारत नाही.

कायदा नाही असे नव्हे. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी ‘विशाखा’ निकाल दिला आणि पुढे 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आला. हा कायदा केवळ कचेरीतील खुर्च्या-टेबलांपुरता नाही. कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने पुरविलेले वाहन, हेही त्यात कामाचे ठिकाणच आहे. म्हणजे बोर्ड, राहुटी आणि फडाचा ट्रक, तिन्ही त्यात आले. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतरांपासून संरक्षण देणे हेही मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. प्रेक्षक त्यातून सुटत नाही.

दहा वा अधिक माणसांच्या फडात अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी. फड लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची. पण आज परळीत तर उद्या पाटोद्यात बारी करणाऱ्या बाईला ही समिती कोठे बसते हे कोण सांगणार?

काही जण म्हणतात, “कार्यक्रमच तसा, मग ओरड कशाची?” हा युक्तिवाद आपल्या संस्कारांना शोभणारा नाही. शृंगार ही कला आहे. तिकिटाच्या पैशांत कला पाहण्याचा हक्क मिळतो, कलावंताच्या देहावर हक्क मिळत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये एका नर्तिकेचे कपडे बदलतानाचे चोरून केलेले चित्रण महाराष्ट्रभर पसरले. असे चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे आणि ते पसरविणाराही तितकाच गुन्हेगार आहे. केरळच्या चित्रपटसृष्टीविषयीचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याच्या जागेचा अभाव नोंदलेला आहे. जिथे कोट्यवधींची उलाढाल होते तिथे ही स्थिती, मग आपल्या माळरानावरच्या राहुटीचे काय?

म्हणून माझी विनंती साधी आहे. कुलूप लागणारी खोली किंवा शाळेचा वर्ग राहण्यास द्यावा. स्वच्छतागृहाची सोय असावी. दौलतजादा थेट हातात न देता सोंगाड्यामार्फत घ्यावा. बोर्डाजवळ गावातील चार जबाबदार माणसे आणि दोन महिला पहाटेपर्यंत थांबाव्यात. स्थानिक समितीचा आणि पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक कनातीवर मोठ्या अक्षरांत लावावा. याला फार खर्च येत नाही. इच्छाशक्ती मात्र लागते.

शेवटचा मुद्दा समरसतेचा. या भगिनींपैकी अनेकजणी कोल्हाटी आणि इतर वंचित समाजांतून येतात. रात्री टाळ्या देणारे गाव सकाळी त्यांच्या लेकरांना बापाचे नाव विचारते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी आईचे नाव अभिमानाने लावले. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव लावणे शासनाने बंधनकारक केले आहे. आपल्याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील ब्रह्मनाथ येळंब येथे ‘सेवाश्रम’ तमाशा कलावंतांच्या मुलांना शिकवितो आहे. त्याला धान्याचे एक पोते देणे ही देवाच्या यात्रेतली सेवाच आहे.

ज्या देवीची आपण ओटी भरतो, तिच्याच अंगणात नाचणारी स्त्री भयभीत असेल, तर ती यात्रा पुरी झाली असे मानू नये. पुढल्या बैठकीत बिदागीआधी या तीन प्रश्नांवर बोलावे, हीच प्रार्थना.