जीन : एका शब्दाची उलटतपासणी



यवतमाळ जिल्ह्यात 'जीन' हा शब्द ज्याने ऐकला नाही असा माणूस विरळा. वणीला जा, पांढरकवड्याला जा. बाई सांगते, 'मी जिनात कामाला जाते.' शब्द इंग्रजी, पण आपल्या तोंडी इतका रुळला की त्याचे कूळ विचारावे असे कुणाला वाटत नाही. मी पदवीधर नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता कोश चाळण्याची सवय लागली, एवढेच माझे भांडवल.

प्रथम एक घोटाळा दूर करू. इंग्रजीत जिन नावाची दारू आहे. तिचा या यंत्राशी काडीचा संबंध नाही. जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा तिला वास असतो. त्या झाडाच्या नावावरून डच लोक तिला 'येनेव्हर' म्हणत. इंग्रजांनी ते नाव तोडून 'जिन' केले. तिने लंडनच्या गरिबांची अशी दैना केली की १७३६ आणि १७५१ साली पार्लमेंटला कायदे करावे लागले. घोड्यावरचे जीन तर तिसरेच. ते फारसीतून आले.

कारखान्यातले जीन म्हणजे 'एंजिन' या शब्दाचे शेपूट. लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र, असा अर्थ सरकत गेला. मध्ययुगात पाखरे धरण्याच्या फाशालाही इंग्रज याच नावाने ओळखत. एकाच शब्दात बुद्धीही आणि फासही!

इतिहासाने दोन्ही अर्थ खरे केले. १७९४ साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आता गुलामांचे कष्ट हलके व्हायचे की नाही? झाले उलटे. कापूस परवडू लागला, मळे पसरले, आणि १७९० साली सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० साली ४० लाखांच्या घरात गेले. पुढे १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. आपल्याकडे चरकी होतीच. दोन लाटांमधून रुई ओढून सरकी मागे ठेवणारी. ती घरची होती. वाफेचे जीन आले आणि काम घरातून फाटकाच्या आत गेले.

आता हा शब्द कायद्यात कुठे सापडतो ते पाहा. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला औषधोपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळावा, हा त्याचा हेतू. त्यातून हंगामी कारखाने वगळले. हंगामी कोणते, याच्या यादीत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे! १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कायम कामगाराला वर्षामागे १५ दिवसांचा पगार दिला, हंगामी कामगाराला हंगामामागे ७ दिवसांचा. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही रेघ पुसली नाही. रुईची धूळ हंगामात छातीत जाते. पण हंगाम सरला म्हणून ती बाहेर येत नाही.

यंत्राला बुद्धी आणि बाईला नुसते हात, अशी ही वाटणी आहे. ओला कापूस कोणता, किडका कोणता, हे बोटांनी ओळखणारीला आपण 'अकुशल' म्हणतो. भाषा मात्र वेगळी साक्ष देते. 'इंजेनियम'मधला 'जेन' आणि संस्कृतातला 'जन्' धातू एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. जन्म, जन, जनता ही सारी त्याच कुळातली. जिनाचा खरा सोयरा जन आहे.

या मंडपात वकील आहेत, व्यापारी आहेत, शिक्षक आहेत. मत मागायला जो कोणी तुमच्या दारी येईल त्याला एवढेच विचारा : जिनिंगचे नाव त्या यादीतून केव्हा खोडणार? हा प्रश्न आम्ही कामगारांनी विचारला की ती मागणी ठरते. तुम्ही विचारलात तर ते लोकमत होईल.