जुने कपाट आणि नवे चित्र



कामगार चळवळीतल्या माणसाने घराच्या सजावटीवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. पण हा धडा मला गिरणगावातच मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या खोलीत आजोबांचे सागवानी कपाट होते. संप लांबला, तसे आधी आईचे दागिने गेले आणि मग ते कपाट हातगाडीवरून गेले. भिंतीवर त्याच्या आकाराचा डाग तेवढा राहिला.

वीस वर्षांनी बोलणी करण्यासाठी एका कारखानदाराच्या बंगल्यावर गेलो. दिवाणखान्यात तसेच कपाट, आणि वर अगदी आजच्या धाटणीचे चित्र. नुसते रंग, ओळखीची आकृती एकही नाही. सोबती कानाशी लागून म्हणाला, "उलटे तर टांगले नाही ना?" मला हसू आले, पण राग त्याहून अधिक आला. आमची अडचण यांची शोभा झाली होती! मात्र बोलणी चार तास चालली आणि चार तास ती दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होती. हळूहळू उमगले, की ती एकमेकांना खुलवीत आहेत. गडद लाकडामुळे रंग उठून दिसत होते, आणि रंगांमुळे कपाटाचा जुनाटपणा गेला होता.

असे का व्हावे? दोन्हींत माणसाचा हात दिसतो. सुताराने लाकडात लाकूड गुंतवून सांधे केलेले, चपडा लाखेचे पॉलिश पुन्हापुन्हा घासून चढवलेले. चित्रातही कुंचल्याचा फटकारा स्पष्ट. हुसेन यांनी तर नाव होण्यापूर्वी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, फर्निचर आणि खेळण्यांच्या कामावर पोट भरले. कारागीर आणि कलावंत यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

आता आपल्या लहान घरांविषयी. जुनी वस्तू एकच ठेवा, पण तिच्याभोवती मोकळी जागा सोडा. चित्राचा रंग पडद्याशी जुळवीत बसू नका. चित्राची रुंदी कपाटाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असली, की डोळ्यांना बरे वाटते. ओल धरणारी भिंत आणि थेट ऊन टाळा. मूळ चित्र परवडत नसेल, तर छापचित्र घ्या. एका ठशावरून अनेक प्रती निघतात, प्रत्येकीवर चित्रकाराची सही असते आणि किंमत पुष्कळ कमी पडते.

आजोबांचे कपाट काही परत मिळाले नाही. जुन्या बाजारातून मी दुसरे आणले, आणि त्यावर एका तरुण चित्रकाराचे गिरणीच्या धुराड्याचे छापचित्र लावले. आई ते पाहून काही बोलली नाही. पदराने कपाटावरची धूळ तेवढी पुसली.

मित्रहो, आठ तासांच्या कामाचा हक्क आपण झगडून मिळवला, तो उरलेल्या तासांत माणसासारखे जगता यावे म्हणून. त्या तासांत पाहत राहावे असे काही आपल्याही भिंतीवर असू द्या.