रुग्णसेवेचे मोजमाप : रुग्णाच्याच शब्दांत

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी या सभेत आपल्यासमोर जो अहवाल ठेवला जातो, त्यात बाह्यरुग्ण किती आले, आंतररुग्ण किती दाखल झाले, शस्त्रक्रिया किती पार पडल्या, खाटांचा वापर किती टक्के झाला आणि निर्धन रुग्ण निधीतून किती रक्कम खर्च झाली, याची कोष्टके असतात. हे आकडे काळजीपूर्वक गोळा केलेले व लेखापरीक्षकांनी तपासलेले असतात. त्यांच्याविषयी शंका घेण्याचा माझा हेतू नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते एवढ्याचकडे, की हे सर्व आकडे रुग्णालयाने काय केले ते सांगतात. रुग्णाला काय मिळाले ते सांगत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, ही आपल्या नोंदवहीतील घटना आहे. त्यानंतर त्या माउलीला पुन्हा तांदूळ निवडता येऊ लागले का, एकटीने विहिरीपर्यंत जाता येऊ लागले का, ही तिच्या घरातील घटना आहे. पहिलीची नोंद आपल्याकडे आपोआप होते. दुसरीची नोंद करावयाची, तर तिलाच विचारावे लागेल.

धर्मादाय रुग्णालयाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या तरतुदींचे पालन कागदोपत्री दाखविता येते. परंतु ज्याच्यासाठी ती खाट राखून ठेवली, त्याला ती आपल्यासाठी आहे हे ठाऊक होते का? ठाऊक असल्यास ते त्याला कोणाकडून कळले? दाखले गोळा करताना त्याचे किती दिवसांचे काम बुडाले? खाट विनामूल्य मिळाली, पण बाहेरून आणावी लागलेली औषधे, प्रवास आणि सोबतच्या माणसाचे जेवण यांसाठी त्याने शेळी विकली की सावकाराकडून पैसे उचलले? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही खातेवहीत सापडणार नाहीत, आणि आपल्या संस्थेच्या उद्देशाची खरी परीक्षा मात्र याच उत्तरांमध्ये आहे.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. गरिबांसाठी काम करणाऱ्या उद्योगांना भांडवल पुरविणारी ‘अॅक्युमेन’ ही संस्था २००१ मध्ये जॅकलिन नोवोग्रात्झ यांनी अमेरिकेत स्थापन केली. आपल्या पैशातून किती सौरदिवे विकले गेले, किती रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या, हे त्या संस्थेला कळत होते. त्यामुळे लोकांच्या जीवनात काय पालट झाला, हे कळत नव्हते. शास्त्रशुद्ध मूल्यमापन करावयाचे, तर खर्च फार आणि निष्कर्ष हाती येईपर्यंत वर्षे उलटून जातात. तेव्हा २०१४ मध्ये तिने एक सुटसुटीत पद्धत अवलंबिली आणि तिला ‘लीन डेटा’ असे नाव दिले. ज्यांनी सेवा घेतली त्यांच्यापैकी काही जणांना मोबाईलवर दूरध्वनी करावा, त्यांच्याच भाषेत थोडे पण नेमके प्रश्न विचारावेत, आणि मिळालेली उत्तरे काही आठवड्यांत सेवा देणाऱ्याच्या हाती ठेवावीत, हे तिचे सार. या कामातूनच २०१९ मध्ये ‘६० डेसिबल्स’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. दोन माणसांच्या साध्या संभाषणाचा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो, म्हणून हे नाव.

या पद्धतीत सेवा घेणाऱ्याला ‘ग्राहक’ म्हटले जाते. रुग्णालयाच्या आवारात हा शब्द आपल्या कानांना खटकतो आणि तो खटकावा हेच योग्य आहे. तथापि त्यामागील एक विचार घेण्यासारखा आहे. ग्राहकाला माल पसंत पडला नाही, तर तो दुसऱ्या दुकानात जातो आणि दुकानदाराला आपली चूक गल्ल्यावरून कळते. आपल्या रुग्णाला बहुधा दुसरे दुकान नसते. तो नाराज असूनही पुन्हा येतो, आणि त्याचे पुन्हा येणे आपण समाधानाची खूण समजतो. ज्याला निघून जाण्याची सोय नाही, त्याला बोलण्याची सोय करून देणे हे म्हणूनच दुकानदारापेक्षाही आपले मोठे कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य दुर्लक्षिले गेल्यास काय घडते, याचे एक दुःखद उदाहरण इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचे आहे. २००५ ते २००९ या काळात तेथे रुग्णांची अक्षम्य हेळसांड झाली. घंटा वाजवूनही कोणी येत नसे, वृद्ध रुग्ण अस्वच्छ बिछान्यात तासन् तास पडून राहत, पाणी हाताला लागणार नाही इतके दूर ठेवलेले असे. नातेवाईक तक्रारी करीत होते. व्यवस्थापनाचे लक्ष मात्र आर्थिक ताळेबंद आणि ठरवून दिलेली उद्दिष्टे यांवर केंद्रित झाले होते, आणि याच काळात, २००८ मध्ये, त्या संस्थेला अधिक स्वायत्ततेचा सन्मानाचा दर्जाही मिळाला. पुढे रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २९० शिफारशी होत्या, आणि रुग्ण व त्यांचे आप्त यांचे म्हणणे ऐकले गेले नाही, हा त्यातील एक प्रमुख निष्कर्ष होता. तेथे माहितीचा तुटवडा नव्हता. जी माहिती खाटेजवळ होती, ती सभागृहापर्यंत पोहोचत नव्हती.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एक उजळ उदाहरण पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी तेथील आदिवासी बांधवांनाच विचारले, की तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, असे लोकांनी सांगितले. त्यामुळे शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी पाड्यासारखा, आप्तांना सोबत राहता येईल असा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरी या तेथील देवतेचे नाव देण्यात आले. वास्तुशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथातून हा आराखडा निघाला नसता.

त्याच परिसरातील दोन गावांमध्ये त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा जननमार्गाचा काही ना काही विकार होता. पूर्वी स्त्रीरोगतपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंतच्या आरोग्यकेंद्रांच्या नोंदवह्या पाहिल्या असत्या, तर या व्याधी जणू अस्तित्वातच नाहीत असा समज झाला असता. जे विचारले गेले नव्हते, ते नोंदले गेले नव्हते, इतकेच.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. विचारले म्हणजे सत्य कळलेच, असे नव्हे. प्रा. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका लेखात दाखवून दिले, की स्वतःच्या आजाराविषयी लोकांना विचारले असता केरळमधील लोक अधिक आजार सांगतात आणि बिहारमधील लोक कमी, वस्तुतः आयुर्मान केरळचे कितीतरी अधिक. जेथे शिक्षण आणि उपचार पोहोचले, तेथे दुखण्याला दुखणे म्हणण्याची जाणीव आली. जेथे ते पोहोचले नाहीत, तेथे दुखणे हा नशिबाचा भाग समजला गेला. म्हणून ‘आपण समाधानी आहात का?’ हा प्रश्न फसवा आहे. ज्याची अपेक्षाच अल्प, तो अल्पात समाधानी होतो. त्यातून आपल्याकडे डॉक्टरांना देव मानण्याची रीत. पुन्हा याच दारात यावयाचे आहे ही धास्तीही मनात असते. अशा माणसाला वॉर्डातच, औषध देणाऱ्या हातानेच अभिप्रायाची वही पुढे केली, तर तो ‘सर्व उत्तम’ एवढेच लिहील. आपल्या अभिप्राय-वहीत स्तुतीच अधिक आढळते, याचे नवल वाटू नये.

दुसरा इशारा असा, की जे आपल्या दारी आले त्यांनाच विचारले, तर जे आले नाहीत त्यांचा आवाज कायमचा निसटतो. दक्षिण भारतातील ग्रामीण भागात नेत्रशिबिरांच्या उपयोगाविषयी झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. शिबिरे मोठ्या निष्ठेने चालविली जात होती. तरीही डोळ्यांची तक्रार असलेल्यांपैकी जेमतेम ७ टक्के लोक शिबिराला आल्याचे आढळले. न आलेल्यांना कारणे विचारली, तेव्हा भीती, खर्च आणि घरची जबाबदारी ही उत्तरे पुढे आली. उपचार विनामूल्य असले, तरी तिथवर पोहोचणे विनामूल्य नसते, हा धडा शिबिराच्या उपस्थितीपटावरून कधीच मिळाला नसता.

तेव्हा विश्वस्त मंडळासमोर माझी नम्र सूचना अशी आहे. येत्या वर्षी, घरी गेलेल्या रुग्णांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काही नावे निवडावीत आणि घरी जाऊन महिना झाल्यावर त्यांना दूरध्वनी करावा. ४०० उत्तरे नीट मिळाली, तर एकंदर चित्र साधारण ५ टक्के कमी-अधिक इतक्या अचूकतेने कळते. १०० मिळाली, तर १० टक्के कमी-अधिक. म्हणजे फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रश्न मोजकेच असावेत :

१. उपचारानंतर आपल्या रोजच्या जगण्यात काय बदलले? काहीच बदलले नसल्यास तेही सांगावे.
२. कोणते औषध किती दिवस घ्यावयाचे, हे घरी जाताना नीट समजले होते का?
३. एकूण खर्च किती आला आणि तो पैसा कोठून उभा केला?
४. विनामूल्य किंवा सवलतीच्या खाटांची माहिती होती का? कोणी दिली?
५. काही अडचण आली होती का? ती कोणाला सांगितली, आणि पुढे काय झाले?

प्रत्येक उत्तरामागे ‘असे का?’ हा प्रश्न जोडावा आणि उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

दूरध्वनी करणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या विभागातील नसावी. स्त्री-रुग्णांशी स्त्रीनेच बोलावे, कारण पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती असतो आणि त्याच्यासमोर ती मोकळेपणी बोलणार नाही. आधी अनुमती घ्यावी, ‘आपण काहीही सांगितले तरी पुढील उपचारांत फरक पडणार नाही’ असे स्पष्ट सांगावे, आणि नाव गुप्त राखावे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या घरी समाजसेवा विभागाच्या कार्यकर्त्यांनी जावे. नाहीतर सर्वांत गरीब माणूस या यादीतूनही गळेल. जे रुग्ण दगावले, त्यांच्या आप्तांनाही वगळू नये. काही काळ लोटल्यावर, त्यांची इच्छा असल्यास, समक्ष भेटून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. सर्वांत मोलाचे आणि ऐकण्यास सर्वांत जड असे तेच असेल.

मात्र ऐकण्याचे एक ऋण असते. ज्याने वेळ काढून आपले दुःख सांगितले, त्याला त्याचे काय झाले हे कळले पाहिजे. सवलतीची माहिती मिळत नाही, असे उत्तर आले, तर नोंदणी खिडकीशेजारी ठळक अक्षरांत फलक लागला पाहिजे, आणि वाचता न येणाऱ्याला तोंडी सांगणारा माणूस तेथे बसला पाहिजे. औषधांच्या वेळा समजत नाहीत, असे उत्तर आले, तर चिठ्ठीवर सूर्य-चंद्राची चित्रे छापण्यास कितीसा खर्च येतो? काहीच बदलावयाचे नसेल, तर विचारूच नये. कारण विचारून गप्प बसणे हे न विचारण्यापेक्षा अधिक दुखावणारे आहे.

वैद्यकीय गुणवत्ता केवळ रुग्णाच्या मतावर ठरवावी, असे माझे म्हणणे नाही. शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग, मृत्युदर, औषधांतील चुका यांच्या नोंदी तज्ज्ञांनीच ठेवल्या पाहिजेत. परंतु त्यांच्या शेजारी, तितक्याच मानाने, रुग्णाच्या उत्तरांना एक पान मिळाले पाहिजे. पुढील वर्षीच्या अहवालात शस्त्रक्रियांच्या कोष्टकाला लागूनच ते पान छापले जावे, आणि त्यात कौतुकाइतकीच नाराजीही छापली जावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या देणगीदारांना त्याने वाईट वाटेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्यांनी आपल्या घामाचा पैसा या संस्थेला दिला, त्यांना तो कोठे कमी पडला, हेही जाणून घेण्याचा अधिकार आहे; आणि ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्या संस्थेवरच त्यांचा विश्वास अधिक दृढ होईल.