टेबलावरील आगगाडी व रुळांवरील आगगाडी
(केंद्र-संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



शैक्षणिक सहल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, लेणी, धरण किंवा साखर कारखाना उभा राहतो. ही स्थळे उत्तमच होत. परंतु पुण्यात कोथरूड भागी, कर्वे रस्त्यापासून जवळच, एक लहानशी वास्तू अशी आहे की तेथे पाऊण तास घालविला असता गुणोत्तर, वेग, वीज व वाहतूक हे चारही विषय मुलांना एकाच टेबलाभोवती भेटतात. ते आहे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी ह्या छांदिष्ट गृहस्थांनी आगगाड्यांच्या प्रतिकृती जमविण्याचा नाद आयुष्यभर जोपासला आणि त्या नादातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले झाले. आईबापांनी मुलाबाळांसह जावे, आजोबांनी नातवाला खांद्यावर घेऊन दाखवावे, असे ते ठिकाण आहे.

आत एक अख्खे नगर मांडलेले आहे. धूर सोडणारे वाफेचे इंजिन आहे, वेगवान गाडी आहे, दात असलेल्या रुळावरून डोंगर चढणारी गाडी आहे, दोरावर वरखाली होणारा डबा आहे, आणि रुळाखाली लोंबकळत जाणारी गाडीही आहे. ही शेवटची पाहून मुले हसतात. परंतु जर्मनीतील वुपरटाल शहरी नदीच्या पात्रावरून अशी टांगती गाडी १९०१ सालापासून प्रवासी नेत आहे, हे सांगितले की हसू थांबते व प्रश्न सुरू होतात. दातेरी रुळासाठी तर परदेशी जावयास नको, आपल्याच देशात निलगिरीच्या डोंगरात तो आहे. बोरघाटात मात्र दाते नाहीत. तेथे ३७ फुटांत एक फूट अशी चढण असून कर्जतहून जादा इंजिने गाडीला मागून रेटा देतात. नगरात सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे, रस्त्यांवर मोटारी आहेत. मध्येच दिवे मालवून रात्र केली जाते आणि त्या अंधारात इवल्याशा घरांचे दिवे लागतात. त्या क्षणी मोठी माणसेसुद्धा श्वास रोखतात.

आता एका शाळेची हकीकत. पुणे-दौंड लोहमार्गालगतच्या एका गावची ही दोनशिक्षकी शाळा. तेथील गुरुजींनी एके वर्षी मुलांना हे संग्रहालय दाखविले. मुलांना ओळीत उभे केले, बोलू नका म्हणून बजावले, खेळ संपताच बाहेर काढून मोजले आणि दुसऱ्या दिवशी ‘मी पाहिलेले संग्रहालय’ हा निबंध लिहावयास सांगितला. सगळ्या वह्यांत एकच निबंध आला. ‘आम्हांस खूप मजा वाटली’ हे वाक्य तर प्रत्येक वहीत अखेरीस होते. हा दोष मुलांचा नव्हे. निबंधासाठी पाहावयास लावले की मूल निबंधापुरतेच पाहते. आपणापैकी पुष्कळांच्या दप्तरी असे निबंध असतील, तेव्हा त्या गुरुजींना हसण्याचे कारण नाही.

पुढील वर्षी त्यांनी वेगळी रीत धरली. जाण्यापूर्वी आठ दिवस त्यांनी फळ्यावर एकच आकडा लिहून ठेवला : ८७. अशा प्रतिकृती पुष्कळ मापांच्या असतात. त्यांतील जगभर सर्वांत अधिक प्रचलित माप ‘एच-ओ’ होय. त्यात खऱ्या एका फुटास साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे खरी वस्तू प्रतिकृतीच्या ८७ पट असते. मुलांनी स्वतः भागाकार केले. जुन्या बनावटीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. तो ह्या मापात साडेचोवीस सेंटिमीटर झाला, फूटपट्टीहून थोडा आखूड. गुरुजी स्वतः दोन सेंटिमीटरांहूनही कमी झाले, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो सांगावयास नको. रुळांमधील अंतराचा भागाकार मात्र एका मुलीला अडला. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्यास ८७ ने भागता १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक येते. परंतु ह्या मापाच्या प्रतिकृतींचे रूळ साडेसोळा मिलिमीटरांवर असतात. गणित चुकले की काय? गणित बरोबर होते. साडेसोळास ८७ ने गुणले की सुमारे १४३५ मिलिमीटर येतात, आणि ते माप युरोपातील रुळांचे आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे जो मार्ग सुरू झाला तो त्याहून रुंद होता, आणि १९०७ सालची नेरळ-माथेरान गाडी तर अवघ्या दोन फुटांच्या मार्गावर चढते. केवळ एका भागाकारातून एवढा इतिहास निघाला.

वेगाचे गणित त्यांनी तेथेच, टेबलाच्या कडेला उभे राहून केले. नजरेने एक मीटर अंतर ठरवावे व गाडी ते किती सेकंदांत तोडते हे घड्याळात पाहावे. दोन सेकंद लागले तर खऱ्या गाडीच्या मानाने तो वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर होतो. ताशी ६० किलोमीटरांचा वेग दाखवावयाचा, तर गाडीने सेकंदास केवळ १९ सेंटिमीटर जावयास हवे, म्हणजे जवळजवळ गोगलगाईसारखे वाटेल असे. प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून अशा खेळांत गाड्या बहुधा पळवितात, आणि ते क्षम्यही आहे.

खेळ संपल्यावर एका मुलाने तोंड उघडले. हा मुलगा रुळापलीकडच्या वस्तीवरचा. वर्गात क्वचित बोलणारा. तो म्हणाला, “गुरुजी, ही गाडी बटण सोडलं की जागच्या जागी उभी राहती. मग आपल्याकडची का थांबली न्हाई?”

हा प्रश्न कोठून आला हे गुरुजींना ठाऊक होते. आदल्या पावसाळ्यात त्याच्या घरच्या दोन शेळ्या गाडीखाली सापडल्या होत्या. इंजिनवाल्याला शेळ्या दिसत होत्या, त्याने शिटीही वाजविली, परंतु गाडी मुद्दामच थांबविली नाही, अशी त्या घराची समजूत होती आणि आजी ती रोज बोलून दाखवी. आता टेबलावर त्या समजुतीला पुरावा मिळाला होता. मनात आणले तर आगगाडी जागच्या जागी थांबते, हे मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

बंधुभगिनींनो, येथे सावध राहावयास हवे. प्रतिकृती पुष्कळ खरे सांगते, परंतु काही बाबतींत ती खोटे सांगते, आणि मूल दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवते. रुळालगतच्या गावात तो विश्वास जिवावर बेतू शकतो.

गुरुजींनी तेथे घाईने उत्तर दिले नाही. “शाळेत गेल्यावर पाहू,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी घनफळ काढले. लांबी ८७ पट घटली की पृष्ठफळ ८७ गुणिले ८७, म्हणजे ७,५६९ पट घटते आणि घनफळ ६,५८,५०३ पट. हल्लीचे एक बलाढ्य विजेचे इंजिन १२३ टनांचे असते. त्या हिशेबाने त्याची प्रतिकृती दोनशे ग्रॅमांच्या आत येते, पाव किलो शेंगदाण्यांहूनही हलकी. शिवाय छोट्या इंजिनात मोटार बहुधा मळसूत्री दंतचक्राने चाकांना जोडलेली असते. मोटार चाक फिरवू शकते, पण चाक उलट मोटारीला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज तुटताच चाके जणू धरून ठेवल्यासारखी होतात. खऱ्या गाडीचे असे नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार थोड्या घर्षणाने धावते. म्हणूनच एक इंजिन बावीस डबे ओढू शकते, आणि म्हणूनच हजार टनांच्या घरातील ते ओझे थांबविणे कठीण जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीला ब्रेक पूर्ण लावला तरी उभे राहण्यास सुमारे एक किलोमीटर लागू शकतो. भरल्या बैलगाडीने उतार धरला म्हणजे कासरा ओढूनही ती कोठवर जाते, हे वस्तीवरच्या मुलांना निराळे सांगावे लागले नाही.

मग सर्वजण पटांगणात गेले. एका किलोमीटरास ८७ ने भागले की साडेअकरा मीटर येतात. मुलांनी टेप लावून तेवढी फक्कीची रेघ ओढली. टेबलावरची गाडी खरे बोलणारी असती, तर बटण सोडल्यावर ती एवढे अंतर घसरत गेली असती. रेघ त्यांच्या वर्गखोलीहून लांब भरली. नंतर मुले खरा किलोमीटर चालून आली. शाळेपासून निघून मारुतीचे देऊळ मागे पडले, ओढा मागे पडला, तरी किलोमीटर पुरा झाला नव्हता. सिग्नलचा पिवळा दिवा कशासाठी, हेही त्या चालण्यात उमगले. तांबडा दिवा दिसल्यावर थांबू म्हटले तर उशीर झालेला असतो; म्हणून पुढे तांबडा आहे हे पिवळा दिवा आधीच सांगतो, आणि पुढे पिवळा आहे हे दोन पिवळे दिवे त्याच्याही आधी सांगतात. टेबलावर जे रंगीत दिवे शोभेसाठी वाटले होते, ते थांबावयास लागणाऱ्या अंतरापोटी जन्मास आलेले आहेत.

परत येताना तो मुलगा गुरुजींच्या बरोबरीने चालत होता. त्याने हिशेब विचारला : ती गाडी एक किलोमीटर किती वेळात येते? छत्तीस सेकंदांत. तो मनाशी छत्तीस आकडे मोजत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे त्यानं ब्रेक लावला असंल.” लावला असेल, असे गुरुजी म्हणाले. “आजीला सांगतो,” तो म्हणाला, आणि थोडे थांबून, “आम्ही बी तिथूनच येतो.”

गुरुजींच्या पोटात धस्स झाले. वस्तीवरची नऊ मुले फाटकाने येत असावीत, असे ते समजत होते. फाटक आडवाटेला पडते. तेथून यावयास पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात. ज्या दिवशी घरची कामे उरकण्यास उशीर होई, त्या दिवशी मुले दप्तर डोक्यावर घेऊन सरळ रूळ ओलांडीत. कारण घंटेनंतर येणाऱ्यास परिपाठ संपेपर्यंत दाराबाहेर उभे राहावे लागे, आणि तो नियम गुरुजींनी स्वतःच घालून दिला होता. वक्तशीरपणाबद्दल तपासणीत त्यांची वाखाणणीही झाली होती.

संग्रहालयास जाणाऱ्या शाळांनी वेळ व शुल्क आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, लहान मुलांना टेबलाच्या कडेशी पुढे उभे करावे आणि मोबाईलमधील चित्रीकरण खेळ संपल्यानंतरच्या वेळेवर सोपवावे, हे व्यवहाराचे सांगणे ओघाने आलेच. ज्या शाळांना पुणे दूर पडते त्यांनी फक्कीची रेघ तरी ओढावी. तिला तिकीट लागत नाही.

त्या शाळेत निबंध यंदा लिहविला गेला नाही. आजीने नातवाचा हिशेब ऐकून घेतला. शेळ्या गेल्याचे दुःख राहिले, परंतु इंजिनवाल्याला शिव्या देणे तिने सोडले असे मुलगा सांगतो. वस्तीवर पालकांची सभा झाली, आणि दाराबाहेर उभे करण्याचा नियम गुरुजींनी स्वतःच मोडला. आता हजेरी परिपाठानंतर घेतात, आणि हजेरीपत्रकात नावे कोठेही असोत, त्या नऊ मुलांची नावे सर्वांत शेवटी पुकारली जातात.