सरकारी वकील कोणाचा?

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या बाजूस जो रस्ता जातो, त्याला कोपर्निकस मार्ग म्हणतात. कामानिमित्त दिल्लीस जाणाऱ्या मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे आणि उत्तर रेल्वेचे मुख्यालय जेथे आहे तो बडोद्याच्या गायकवाडांचा प्रासादही येथेच आहे. इंग्रजी अमदानीत या रस्त्याचे नाव लिटन रोड असे होते. लिटन म्हटले की आठवतो तो १८७८ सालचा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा. त्या कायद्यान्वये मॅजिस्ट्रेटला, वरून सरकारची संमती घेऊन, मुद्रकाकडून जामीनपत्र लिहून घेता येई आणि पुढे छापखान्याचे साहित्यही जप्त करता येई. या हुकुमावर न्यायालयात अपील नव्हते. हुकूम देणारे सरकार, त्याचा अर्थ लावणारे सरकार आणि तो योग्य की अयोग्य हे ठरविणारेही सरकारच!

त्याच रस्त्यावर आज केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ आहे. १९८५ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि सरकारी नोकराला आपल्याच सरकारविरुद्ध तेथे दाद मागता येते. थोडे पुढे फरीदकोट हाउसमध्ये २०१० साली स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही असे सांगणाऱ्या ज्योतिर्विदाचे नाव लाभलेल्या रस्त्यावर, सरकार हे राज्याच्या मध्यभागी नाही असे सांगणाऱ्या संस्था नांदाव्यात, हा योग मोठा गमतीचा आहे.

परंतु या संस्थांकडे माणूस जातो तो सरकारचा हुकूम हाती पडल्यानंतर. फौजदारी प्रकरणात तेवढी सवड नसते. तेथे न्यायाधीशाने तोंड उघडण्यापूर्वीच माणूस कोठडीत गेलेला असतो. पोलीस आणि न्यायाधीश या दोघांच्या मध्ये त्या वेळी एकच गृहस्थ उभा असतो, तो म्हणजे सरकारी वकील. महाराष्ट्राला रामशास्त्री आठवतात, आणि आठवावेतच. पण न्यायाधीशाच्या पुढ्यात काय यावे आणि काय येऊ नये हे ज्याच्या हाती, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सरकारी वकील मध्ये असणे आणि मुळीच नसणे यांतील अंतर पुण्याने १८९७ साली पाहिले. त्या वर्षी जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. त्याच सुमारास पुण्याचे सरदार नातू बंधू यांनाही पकडण्यात आले. टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात खटला उभा राहिला. सरकारतर्फे अ‍ॅडव्होकेट जनरल उभे राहिले, ज्यूरी बसली, साक्षीपुरावे झाले आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्यूरीत बहुसंख्य युरोपियन होते आणि तो न्याय एकांगी होता, असे आजही म्हणता येईल. तथापि आरोप काय आहे हे उघडपणे सांगावे लागले, आणि त्याला उघडपणे उत्तर देता आले. नातू बंधूंच्या बाबतीत यांतले काहीच घडले नाही. १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशन २५ अन्वये त्यांना स्थानबद्ध केले गेले. आरोप नाही, वकील नाही, खटला नाही. आणि परिणाम पाहावा: शिक्षा झालेले टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले, ज्यांच्यावर कसला आरोपच ठेवला नव्हता ते नातू बंधू १८९९ साली!

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटपुढे सरकारची बाजू मांडणारा गृहस्थ पुष्कळ ठिकाणी पोलीस खात्याचाच राहिला. त्याला पोलीस प्रॉसिक्यूटर म्हणत. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या माणसांनी तपास केला, त्याच अधिकाऱ्याच्या हाती या वकिलाची बदली, बढती आणि शिस्तभंगाची चौकशी. अशा माणसाने साहेबांना, ‘आपल्या तपासात पुरावा नाही’ असे कसे सांगावे? मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९५८ सालच्या आपल्या चौदाव्या अहवालात अभियोगाचे काम पोलिसांपासून वेगळे करावे अशी शिफारस केली. ती पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उतरली. कोणताही पोलीस अधिकारी सहायक सरकारी अभियोक्ता होण्यास पात्र असणार नाही, असे संहितेच्या कलम २५ ने सांगितले. अभियोक्ता उपलब्ध नसेल तेव्हाचा अपवाद तेवढा ठेवला.

१ एप्रिल १९७४ रोजी ही संहिता अमलात आली. महाराष्ट्र शासनाने त्याच दिवशी अधिसूचना काढली आणि पोलीस प्रॉसिक्यूटर मंडळींना सहायक सरकारी अभियोक्ते म्हणून नेमले. माणसे तीच, खाते तेच, वरिष्ठ तेच. पाटी तेवढी बदलली. कायद्याचे शब्द पाळून कायदा कसा बाजूला सारावा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुढे या अभियोक्त्यांनीच शासनाविरुद्ध दाद मागितली, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मंडी हाउसच्या चौकातून भगवानदास मार्गाने निघाले की टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय लागते. तेथे ‘एस. बी. शहाणे व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण १९९५ साली निकाली निघाले. अभियोक्ता पोलीस खात्याच्या प्रशासकीय व शिस्तविषयक ताब्यात राहू शकत नाही. त्यांचा निराळा संवर्ग व निराळा अभियोग विभाग निर्माण करावा, आणि त्या विभागाचा प्रमुख थेट राज्य शासनाला जबाबदार असावा, असे न्यायालयाने सांगितले. संहिता येऊन तोवर एकवीस वर्षे उलटली होती.

सरकारी वकिलाच्या स्वतंत्र बुद्धीला प्रत्यक्ष किंमत किती, हे त्याआधी एक वर्ष, १९९४ साली, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात दिसून आले होते. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. प्रश्न टाडा कायद्याखालील कैदेचा होता. दोषारोपपत्र दाखल न करता आरोपीला किती दिवस अडकवून ठेवावे याची मर्यादा १९९३ च्या दुरुस्तीने एक वर्षावरून एकशे ऐंशी दिवसांवर आणली होती. त्यापुढे मुदत वाढवून हवी असेल, तर तपास कोठवर आला आणि आरोपीला आणखी डांबून ठेवण्याचे नेमके कारण काय, हे सांगणारा अहवाल सरकारी वकिलाने न्यायालयाला द्यावा, अशी अट होती. अहवाल पोलिसांनी नव्हे, वकिलाने द्यावयाचा. व्यवहारात मात्र तपास अधिकाऱ्याचा अर्ज वर वकिलाची सही होऊन न्यायालयात जाऊ शके.

सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असे स्पष्ट केले. सरकारी वकील हा तपासयंत्रणेचा भाग नव्हे. कायद्याने निर्माण केलेला तो स्वतंत्र अधिकारी आहे. तपास अधिकाऱ्याची कारणे त्याला पटतील अथवा पटणार नाहीत, आणि पटली नाहीत तर मुदतवाढ मागू नये हा त्याचा अधिकार आहे. आणलेला कागद पुढे सरकवणे एवढेच काम असते तर त्यासाठी वकील कशाला, टपालाचा शिपाईही पुरला असता. टाडा १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण ही तरतूद संपली नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, म्हणजे मकोकात, नव्वद दिवसांची मुदत एकशे ऐंशीपर्यंत वाढते ती सरकारी वकिलाच्या अहवालावरच. कच्च्या कैदेतल्या माणसाचे तीन महिने एका वकिलाच्या प्रामाणिक वाचनावर अवलंबून असतात.

उलट बाजूही आहे. सरकारला कधी खटला चालवण्याची घाई असते, तर कधी तो गुंडाळण्याची. जुलै २००० मध्ये वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवून नेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी वीरप्पनच्या साथीदारांवरील टाडाचे आरोप मागे घ्यावेत असे कर्नाटक सरकारने ठरविले. सरकारी वकिलाने तसा अर्ज केला, आणि विशेष न्यायालयाने संमतीही दिली. आडवा आला तो वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा वृद्ध पिता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि नोव्हेंबर २००० मध्ये ती संमती रद्द झाली. खटला काढून घ्यावा की नाही हे सरकारी वकिलाने स्वतः, सद्‍भावनेने ठरवावयाचे असते. सरकारने सुचवावे, पण पटणे न पटणे त्याचे, हे तत्त्व तेथे पुन्हा सांगितले गेले. मंत्रिमंडळाची अडचण खरी होती, यात शंका नाही. मुलगा गमावलेल्या बापाची अडचणही खरीच होती.

अमेरिकेत ऑक्टोबर १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आपलीच चौकशी करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्यास सांगितले, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल व त्यांचे दुय्यम या दोघांनीही पद सोडले, पण हुकूम बजावला नाही. तिसऱ्याने तो बजावला. इंग्लंडने १९८६ साली पोलिसांपासून पूर्णपणे वेगळी अभियोगसेवा सुरू केली. आपल्याकडे नेमणुकीचाच प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सरकारी वकिलांच्या नेमणुकीपूर्वी उच्च न्यायालयाचा व सत्र न्यायाधीशाचा सल्ला घ्यावा असे १९७३ च्या संहितेत होते. महाराष्ट्राने १९८१ साली दुरुस्ती करून उच्च न्यायालयाच्या सल्ल्याचे शब्द गाळले, आणि सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याच्या जागी ‘राज्य शासनाची मान्यता’ घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या मूळ मजकुरात हा सल्ला पुन्हा आहे, ही समाधानाची बाब होय.

समाधान तेथेच थांबते. अभियोग संचालनालयाची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने झाली, आणि त्याचा संचालक गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली ठेवण्यात आला. पोलीसही गृह विभागाचेच. म्हणजे १९९५ साली वेगळ्या केलेल्या दोन वाटा वर जाऊन एकाच दाराशी मिळाल्या. त्या दुरुस्तीत एक आधार होता. संचालकाच्या नेमणुकीस उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती आवश्यक होती. नव्या संहितेत पात्रतेची अट दहा वर्षांच्या वकिलीवरून पंधरा वर्षांवर गेली आणि सत्र न्यायाधीशालाही संचालक होण्याचे दार उघडले. गृह विभागाचे नियंत्रण जसेच्या तसे राहिले. मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीचे वाक्य मात्र त्यात नाही.